छाती कुणी पोखरली: गिरणीने की बिडीने?

मुंबईच्या वडाळ्यात जुन्या माणसांच्या धापेचा विषय निघाला की घरातच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, बिडीने घात केला. दुसरा म्हणतो, बिडीचे नाव कशाला घेता, ही छाती गिरणीने आणि रस्त्याने खाल्ली. या लेखातले मामा दुसऱ्या पक्षाचे, त्यांची भाची पहिल्या पक्षाची. दोघांना नावे दिलेली नाहीत, कारण ती कुणी एक माणसे नव्हेत. नायगाव, शिवडी, कोरबा मिठागर, अँटॉप हिल, कुठल्याही वस्तीत असे मामा आणि अशी भाची भेटतात. त्यांच्या तोंडचे युक्तिवाद मात्र खरे आहेत, आणि त्यामागचे आकडेही.

मामा साताऱ्याकडचे. सत्तरच्या दशकात नायगावच्या एका गिरणीत ब्लो रूमला लागले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि हजारो कामगारांसारखे मामाही पुन्हा कधी त्या फाटकातून आत गेले नाहीत. पुढची वर्षे वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर माल चढवण्या-उतरवण्यात गेली. बिडी गिरणीच्या दिवसांत लागली, ती अजून आहे. भाची एका सार्वजनिक रुग्णालयात फुफ्फुसांच्या चाचण्या करते. माणसाला छाती भरून श्वास घ्यायला सांगायचे, नळीत जीव लावून फुंकायला लावायचे आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजायचे, हे तिचे रोजचे काम.

वादाला तोंड फुटले ते मामांच्या केसपेपरवरून.

"बिडी ओढता का, किती ओढता, कधीपासून ओढता, सगळं विचारलं," मामा म्हणाले. "कुठल्या खात्यात होतात, हे एकानंही विचारलं नाही. धंद्याच्या रकान्यात काय लिहिलंय बघ. निवृत्त! अगं, ब्लो रूममध्ये कापसाच्या गाठी फुटायच्या. पाळी सुटली की भुवयांवर, मिशांवर, कानांत पांढरं बसलेलं असायचं. नाकातोंडातनं आत किती गेलं असेल, त्याचा हिशेब कुणी ठेवला?"

"मामा, धूळ नव्हती असं मी कधी म्हणाले? पण गिरणी सुटून चाळीस वर्षं झाली."

"मग मला एक सांग. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पाळीला गेलं की दुपारपर्यंत छाती आवळून यायची. दुसऱ्या दिवशी जरा हलकं वाटायचं. माझ्या एकट्याचं नाही, सगळ्या खात्याचं तसंच. बिडी तर मी रविवारीसुद्धा ओढायचो. बिडीनंच होत असतं तर छाती सोमवारीच का आवळली असती?"

मामांचा हा प्रश्न साधा नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची, म्हणजे बिसिनोसिसची, ओळख पटवणारी खूण नेमकी हीच आहे. कच्च्या कापसाबरोबर बोंडांच्या पानांचा, सालींचा चुरा येतो. त्यावर वाढलेल्या जिवाणूंच्या आवरणातला विषारी अंश धुळीबरोबर श्वासनलिकेत उतरतो आणि तिथे दाह पेटतो. नळीचे अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आकसतात, छाती आवळते. रोज धूळ मिळत राहिली की शरीर काही काळ तिला सरावल्यासारखे वागते. सुट्टीने तो सराव मोडतो आणि कामाच्या पहिल्या दिवशी त्रास उसळतो. सुरुवातीची काही वर्षे दुखणे सोमवारपुरते असते. पुढे ते आठवडाभर पसरते, आणि मग काम सुटले तरी सुटत नाही. ब्लो रूम आणि कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजण्याचे खाते, ही यातली सर्वांत वाईट खाती.

"हे सगळं पुस्तकात आहे ना?" मामांनी विचारले. "मग आम्हाला कुणी का नाही सांगितलं?"

भाचीकडे याचे उत्तर नव्हते. प्रस्तुत लेखकाकडेही समाधानकारक उत्तर नाही. बिसिनोसिस हा भारतीय कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य आजार आहे. कामगार राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात तो नोंदवलेला आहे आणि त्यावर भरपाई मिळू शकते. अमेरिकेने १९७८ मध्ये गिरण्यांतल्या कापसाच्या धुळीवर कडक मर्यादा घातली. मुंबईतल्या एका गिरणीत हा आजार किती पसरला होता, याचा अभ्यास डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एका राष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात मांडला. तोवर बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबत आले होते. ज्या शहराची श्रीमंती कापसावर उभी राहिली, त्या शहराने कापूस हाताळणाऱ्यांच्या छातीकडे इतक्या उशिरा पाहावे, ही गोष्ट या वादात मामांच्या बाजूने मोजलीच पाहिजे.

त्यांच्या बाजूचा आणखी एक पुरावा परळमध्ये आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चार हजारांवर लोकांची पाहणी केली. लालबाग, चेंबूर आणि खार अशा तीन वस्त्या निवडल्या, तुलनेसाठी एक ग्रामीण भागही घेतला. लालबागला गिरण्यांची धुराडी, चेंबूरला कारखाने, खारला हवा त्या मानाने बरी. खोकला आणि धाप यांचे प्रमाण लालबाग-चेंबूरला खारपेक्षा जास्त आढळले. पत्ता बदलला की छाती बदलते, हे मुंबईत तेव्हाच मोजून झाले होते.

"झालं ना मग?" मामा म्हणाले. "गिरणीची धूळ, धुराड्यांचा धूर, नंतर ट्रकचा डिझेलचा धूर. आता चहूकडे टॉवर, त्यांची सिमेंटची धूळ. एवढं सगळं सोडून तुमचा डॉक्टर माझ्या खिशातल्या बंडलावर बोट ठेवतो. कारण बंडल माझं आहे. गिरणी दुसऱ्याची होती."

यावर भाची थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, दोष कुणाचा हा एक प्रश्न. आत काय चाललंय हा दुसरा. तुमची छाती दोष वाटत बसत नाही. तिला धूर तेवढा कळतो."

मग तिने सुरुवातीपासून सांगितले. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते एका लयीत हलत राहतात आणि चिकट कफात अडकलेली धूळ, जंतू वर घशाकडे ढकलत नेतात. बिडीच्या धुराने हे तंतू आधी मंदावतात, मग आखूड होतात, पुढे झडतात. त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या ग्रंथी फुगतात. कफ वाढतो आणि वर नेणारे घटतात. राहतो फक्त खोकला. बिडी ओढणारा सकाळी उठल्या उठल्या खोकून खोकून बेडका काढतो त्याचे कारण हे.

"तो खोकला म्हणजे छाती साफ होते," मामा म्हणाले. पुष्कळ जण असेच मानतात.

"साफ होत नाही, मामा. साफ करणारी यंत्रणा मोडली म्हणून खोकावं लागतं. आणि खरं नुकसान तर याच्याही खाली होतं."

खाली म्हणजे दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या आणि त्यांच्या टोकाचे वायुकोश. माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून असे कोट्यवधी कोश असतात. धूर तिथे पोचला की पहारा देणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि मदतीला आणखी पांढऱ्या पेशी बोलावतात. या पेशी जंतू मारण्यासाठी प्रथिने विरघळवणारी द्रव्ये सोडतात. जखमेत जंतू शिरले असतील तर हा दाह उपकारक असतो. काम संपले की तो विझतो. पण दिवसाला वीस-तीस वेळा धूर येत राहिला तर विझायला वेळच मिळत नाही. मग मारायला जंतू नसतात आणि ती द्रव्ये वायुकोशांच्याच भिंती खातात. बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघडे ठेवण्याचे काम या भिंती करतात. त्या गेल्या की जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखे फुफ्फुस सैल पडते: श्वास आत येतो, पण सोडताना नळ्या मिटतात आणि हवा आतच अडकते. धाप लागलेल्या माणसाला हवा कमी पडते असे बघणाऱ्याला वाटते; खरे तर त्याला आतली शिळी हवा बाहेर टाकता येत नसते. भाचीच्या यंत्रावर नेमके हेच दिसते. मामांनी नळीत फुंकले तेव्हा पहिल्या सेकंदाला जेमतेम सव्वा लिटर हवा आली, आणि उरलेली निघायला कितीतरी वेळ लागला.

या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. घरात सरसकट 'दमा' म्हटले जाते, पण दम्यातला दाह बहुधा वेगळ्या पेशींचा असतो; तोंडात ओढायच्या पंपातल्या स्टिरॉइडने तो चांगला आटोक्यात येतो आणि नळ्या पुष्कळशा पूर्ववत होतात. सीओपीडीतला दाह स्टिरॉइडला तितका दाद देत नाही. दमेकरी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याच्याही औषधाचा गुण कमी होतो. एका घरात दोघांना पंप असले म्हणून दोघांचे दुखणे एक नसते.

"बरं, धूर वाईट, मानलं," मामा म्हणाले. "पण बिडीत काय असतं? चिमूटभर तंबाखू आणि टेंभुर्णीचं पान. गडचिरोलीच्या जंगलातलं. सिगारेटचा कागद नाही, रसायन नाही."

इथे भाचीचा आवाज चढला, आणि ते योग्यच होते. बिडीइतके गैरसमजाचे कवच दुसऱ्या कुठल्या धुराला लाभलेले नाही. बिडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही. बिडी अर्धवट जळते, विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोरात ओढावी लागते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर भरपूर आत जाते. याचा निकाल पाहायला दूर जायला नको, तो मुंबईतच लागलेला आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते १९९७ या काळात मुंबईच्या मतदारयाद्या हातात घेऊन ३५ वर्षे आणि त्यापुढच्या सुमारे १ लाख ४८ हजार लोकांची नोंद केली. काही वर्षांनी ते पुन्हा त्याच दारांशी गेले आणि कोण हयात आहे, कोण नाही, हे विचारले. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३७ टक्के जास्त होता. बिडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्के.

"त्या याद्यांत आपल्यासारखीच माणसं होती, मामा. हीच हवा खाणारी. ज्यांनी बिडी ओढली नाही, तीही याच शहरात राहत होती."

हा मुद्दा वजनदार आहे. वस्त्यांची हवा थोडीफार वेगळी असेल, पण शहर सगळ्यांचे एक. तरी बिडीवाल्यांचे मरण आधी येत होते. सगळा दोष हवेचाच असता तर हे घडले नसते.

मामांनी वाट बदलली. "मग तुझी मामी? तिनं जन्मात बिडीला हात लावला नाही. तिला धाप का लागते?"

भाचीने स्वतःहून मामांच्या हाती शस्त्र दिले. भारतातल्या आजारांच्या राज्यवार मोजणीचा अहवाल २०१८ मध्ये आला. देशात सीओपीडीचे रुग्ण १९९० मध्ये २.८ कोटी होते, ते २०१६ मध्ये ५.५ कोटी झाले. या आजाराने जे आयुष्य वाया जाते, त्यातला ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा निघाला, घरातला धूर त्यात धरून. तंबाखूचा २५.४ टक्के. कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा १६.५ टक्के. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच दाखवून दिले होते की सीओपीडीच्या रुग्णांत कधीच धूम्रपान न केलेल्यांची संख्या फार मोठी आहे. त्यांच्या छातीत धूर जातो तो चूल, शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, डासांची अगरबत्ती यांचा. मच्छर-कॉइल रात्रभर बंद खोलीत जळली तर तिच्यातून निघणारे बारीक कण शंभरएक सिगारेटींच्या बरोबरीचे भरतात.

"म्हणजे बिडीचा वाटा पावच!" मामांचा चेहरा उजळला.

"देशाच्या बेरजेत पाव. त्या बेरजेत जन्मभर चुलीपुढे बसलेल्या कोट्यवधी बायका आहेत, ज्यांचा बिडीशी संबंधच नाही. ती सरासरी तुमची नव्हे. तुम्ही धूळही खाल्लीत, डिझेलही खाल्लंत आणि वर बिडीही ओढलीत. कापसाच्या धुळीत काम करणारा बिडी ओढत असेल तर त्याचं दुखणं जास्त आणि लवकर येतं. गिरणीनं छाती कमजोर केली, म्हणूनच बिडी परवडणारी नव्हती. आणि मामीचं म्हणाल, तर दहा बाय दहाच्या खोलीत स्टोव्हचा धूर होताच. तुमच्या बिडीचा कुठं जात होता?"

मामांना हे लागले. ते गप्प झाले ते बराच वेळ. मामीच्या धापेचा हिशेब त्यांनी कधी या बाजूने मांडला नव्हता.

थोड्या वेळाने ते निराळ्या सुरात बोलले. "एकदा सोडून बघितली होती. महिनाभर. उलट खोकला वाढला. म्हटलं, छातीला सवय झालीय, तुटली तर त्रास. परत धरली."

असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांना वेळेवर एक गोष्ट कळली असती तर कितीतरी बिड्या कायमच्या सुटल्या असत्या. धूर थांबला की उरलेले तंतू पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलू लागतात. म्हणून काही आठवडे खोकला वाढू शकतो. तो उतरतो. मात्र बिडी सोडो वा ओढो, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकीची तपासणी करायलाच हवी. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय ज्यांच्या शेजारी आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको; धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतो, आणि क्षय बरा झाला तरी नळ्यांवर वण ठेवून जाऊ शकतो.

"आता या वयात सोडून काय मिळणार? गेलेली छाती परत येणार आहे?"

"नाही येणार," भाचीने सरळ सांगितले. तिने आशेचे खोटे शब्द वापरले नाहीत, ही तिची मोठी गोष्ट. "मोडलेले कोश परत होत नाहीत. बिडी सोडल्यावरही आतला दाह पूर्ण विझत नाही, धुमसत राहतो. पण घसरण मंदावते. त्याचा आकडा आहे."

तो आकडा अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या पाहणीतून आला आहे. आजार नुकताच सुरू झालेल्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांचा अकरा वर्षे मागोवा घेतला गेला. ओढत राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदाची हवा दर वर्षी सरासरी ६६ मिलिलिटरने घटली. सोडून पुन्हा न धरलेल्यांची ३० मिलिलिटरने. वयामुळे निरोगी माणसाची जेवढी घटते, जवळपास तेवढीच. ही माणसे साठीच्या आतली होती आणि त्यांचा आजार मामांपेक्षा हलका होता, हे खरे. तरी वर्षाला तीसेक मिलिलिटरचा फरक धरला तर पाच वर्षांत दीडशे होतात. ज्याच्याकडे चार लिटर आहेत त्याला हे जाणवणारही नाही. ज्याच्याकडे सव्वा लिटर उरली आहे, त्याला स्वतःच्या पायांनी जिना चढता येईल की नाही, ते एवढ्यावरच ठरते.

मामांनी आकडा मनात घोळवला. मग म्हणाले, "मी बंडल टाकलं समज. पण पालिका काय टाकणार? रस्त्यावरची धूळ?"

इथे दोघांचा सूर जुळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली: उंच पत्रे लावा, पाणी मारा, राडारोडा झाकून न्या. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. दोन्ही नियम चांगले आहेत. टपरीवर सुटी बिडी मागून पाहा, आणि उघड्या डंपरमागे दुचाकीवरून जाऊन पाहा, म्हणजे अंमलबजावणी कुठे अडते ते दिसते. भारताने बारीक कणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ पासूनचे प्रमाण ५ आहे. बिडी ओढणाऱ्याला दटावणाऱ्या सरकारने आपला हा आकडाही लोकांना तितक्याच मोठ्या आवाजात सांगावा.

भाचीने मामांची एक मागणी लगेच मान्य केली आणि ती डॉक्टरांच्या कानावर घातली: धंद्याच्या रकान्यात 'निवृत्त' खोडून 'ब्लो रूम, कापड गिरणी, नंतर ट्रक टर्मिनल, हमाली' असे लिहावे. मामांनी तिची बिडी सोडण्याची मागणी मान्य केली. पूर्ण नाही, पण तंबाखू सोडवणाऱ्या मदतवाहिनीला फोन करायचे कबूल केले.

या वादात प्रस्तुत लेखकाचे मत असे: गिरणीने पोखरले हे मामांचे म्हणणे खरे आहे आणि ते कागदावर आलेच पाहिजे. पण गिरणीचे पाप बिडीच्या नावाने माफ होत नाही, तसे बिडीचेही गिरणीच्या नावाने होत नाही. छातीच्या डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाला बिडीइतकाच त्याच्या कामाचाही इतिहास विचारावा: कोणते खाते, किती वर्षे, सुट्टीनंतर त्रास वाढायचा का, घरात चूल होती की स्टोव्ह. डॉक्टरांनी नाही विचारले तर रुग्णाने आपणहून सांगावे. चाळिशी उलटलेल्या ज्या कुणाला जिना चढताना धाप लागते किंवा रोज सकाळी कफ पडतो, त्याने एकदा फुंकण्याची चाचणी करून घ्यावी. आणि बिडी-सिगारेट सोडायची असेल तर राष्ट्रीय मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ आहे. तो बिडीच्या बंडलावरही छापलेला असतो.